लाल दोऱ्याची गाठ

१

चोरी झाली की माल जातो. रोपवाले भाऊंच्या घरच्या चोरीत माल सुधारला होता. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मला असा चोर भेटला नव्हता, आणि मी काही थोडेथोडके चोर पाहिलेले नाहीत.

विमा कंपनीत मी आगीच्या दाव्यांची तपासनीस होते. जळक्या दुकानात शिरायचं, राखेत नाक खुपसायचं आणि आग लागली की लावली ते लिहून द्यायचं, हे माझं काम. निवृत्तीला सहा वर्षं झाली, पण गल्लीत कुणाचं मांजर हरवलं तरी अजून माझ्याच दाराची कडी वाजते.

त्या शनिवारी सकाळी कडी वाजवली ती समोरच्या घरातल्या भाऊंनी. त्यांची रोपवाटिका आहे, म्हणून सगळे त्यांना रोपवाले म्हणतात. बहात्तरीचा माणूस, नखांत कायम माती. हातात टॉवेलात गुंडाळलेली एक लहान बाटली होती, खोकल्याच्या औषधाची असते तेवढी.

"ताई, ही जरा हुंगा."

हुंगली. पिकून मऊ झालेल्या पेराचा, म्हणजे नाशपातीचा वास, सालीसकट. "छान आहे की."

"तेच तर. परवा मी ही गाळली तेव्हा इतका उग्र वास होता, की पहिल्याच झटक्यात माझं नाक बधिर झालं. काल सकाळी वर फडताळावर ठेवली. आज उघडली, तर हिचा वास येतोय."

हिचा म्हणजे बायकोचा, तिच्या हातच्या बाटलीला यायचा तो. वहिनींना जाऊन दुसऱ्या दिवशी, रविवारी, वर्ष होणार होतं.

त्यांच्या परसात पेराचं एकच झाड आहे. घरच्या फळांची घरापुरती दारू गाळायला सरकारी कागद लागतो, तो वहिनींकडे होता. दर हंगामात त्या मागच्या खोपटात दार लावून बसत आणि चार-पाच बाटल्या घेऊन बाहेर येत. भाऊंना आत मज्जाव. वहिनी गेल्यावर उरलेली शेवटची बाटली भाऊंनी घोट घोट करून संपवली, आणि यंदा वाचनालयातून एक पुस्तक आणून स्वतःच तांब्याचं भांडं चुलीवर चढवलं. जन्मात पहिल्यांदा. आणि शेवटचंही, कारण महिनाअखेरीला ते लेकीकडे चौथ्या मजल्यावर राहायला जाणार होते. झाड काही चौथ्या मजल्यावर जाणार नव्हतं. रविवारी दुपारी वहिनींच्या आठवणीत सगळ्यांनी या बाटलीतला एकेक घोट घ्यायचा, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

"कुणी नेली असती तर मी गप्प बसलो असतो," भाऊ म्हणाले. "पण गाठ बघा."

बाटलीच्या बुचावरून भाऊंनी काल लाल दोरा बांधला होता. भाऊ गाठ मारतात ती रोप काठीला बांधतात तशी, एका ओढीत सुटणारी. ही गाठ चपटी होती, तीन वेढ्यांची, टोकं अगदी जवळून कापलेली. भाऊंनी खिशातून दुसरी बाटली काढली. रिकामी, दोन वर्षांपूर्वीची, वहिनींच्या खोपटातली. तिच्या गळ्यातही लाल दोरा होता आणि तीच चपटी गाठ.

"ही तिची गाठ आहे," भाऊ म्हणाले. मग खाली बघत विचारलं, "ताई, ती येऊन गेली असेल का?"

हसायला हवं होतं मला. पण ते उत्तराची वाट बघत उभे होते.

२

खोपटाकडे जाताना परसातून जावं लागतं. सगळीकडे डेलिया फुलले होते, जेवायच्या ताटाएवढे, लाल, पिवळे, जांभळे. मी या गल्लीत आले तेव्हा तिथे गुलाब होते. गुलाब कुठे गेले म्हणून विचारलं, तर भाऊ म्हणाले, "काढले. बरीच वर्षं झाली."

खोपटात तांब्याचं भांडं, त्यावरची वळलेली नळी, पाण्याचं पिंप. भाऊंनी पहिल्यांदा आलेलं त्या लहान बाटलीत धरलं होतं, मधलं मोठ्या बरणीत आणि शेवटचं एका रुंद तोंडाच्या बाटलीत.

"लहान बाटली एवढी खास का?"

"पहिल्या धारेची ना ती." मला एवढंही माहीत नाही याचं त्यांना आश्चर्य वाटलं. "अस्सल तीच. हीसुद्धा पहिली बाटली वेगळी काढायची, लाल दोरा बांधायची आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची. एकदा मी नुसता हात लावला, तर हिसकावून घेतली."

"कुणासाठी ठेवायच्या?"

"कधी सांगितलं नाही. हंगाम संपेपर्यंत हळूहळू कमी मात्र व्हायची. मी म्हटलं, बाईमाणसाचं एखादं गुपित असू द्यावं."

मोठ्या बरणीवर कागदाची पट्टी चिकटवली होती. रोपवाल्याला प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठी लावायची सवय. भाऊंनी पट्टीवर तारीख लिहून पेन्सिलीने रेघ मारली होती, बरणी कुठपर्यंत भरली त्याची. आतला माल रेघेच्या दोन बोटं खाली होता.

"ही बरणी तुम्ही हुंगली होती?"

"नाक कुठे ठिकाणावर होतं? झाकण लावलं आणि दिली ठेवून."

मी झाकण काढलं. पिकलेलं पेर, सालीसकट. लहान बाटलीत होता तोच वास.

म्हणजे कुणीतरी लहान बाटलीतलं काढून टाकलं, मोठ्या बरणीतलं तिच्यात ओतलं आणि दोरा पुन्हा बांधला. परलोकातून येणाऱ्या माणसाला एका बरणीतून दुसऱ्या बाटलीत ओताओत करायची गरज पडत नसावी. हे मी भाऊंना बोलले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून जे काही होतं, ते पुसायला माझा हात धजला नाही.

"काल तुम्ही रोपवाटिकेत असताना घरात कोण होतं?"

"वरचा भाडेकरू, सामान बांधायला आलेली लेक, आणि धाकटी. ती कालच सकाळी आली."

धाकटी म्हणजे वहिनींची धाकटी बहीण.

३

भाडेकरू पियानो जुळवण्याचं काम करतो. वय पन्नास, लग्न नाही, कान हरणाचे. मी जिना चढून गेले तेव्हा तो डोक्याला ओला रुमाल बांधून पडला होता.

"मी घेतली," तो म्हणाला. मी अजून बसलेही नव्हते.

"काय घेतली?"

"रुंद तोंडाच्या बाटलीतली. काल दुपारी. एकच पेला, ताई. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली. तेव्हापासून डोक्यात कुणीतरी हातोडीने तारा ठोकतंय."

"आणि लाल दोऱ्याची?"

"तिला हात लावायची माझी छाती नाही. वहिनी असताना नव्हती, आताही नाही." तो कोपरावर उठला. "पण मला वाटलं तुम्ही त्या आवाजाचं विचारायला आलात."

"कसला आवाज?"

"काल चार वाजता. खाली कुणीतरी काचेवर वर्तमानपत्राचा बोळा घासत होतं. कर्र, कर्र. माझ्या कानाला तो आवाज सहन होत नाही, म्हणून लक्षात राहिला. पेरांच्या दिवसांत वहिनी असायच्या तेव्हा दर वर्षी यायचा. वर्षभरानंतर काल ऐकला."

मी त्याच घरासमोर वीस वर्षं राहते, आणि पेरांच्या हंगामात त्या घराच्या खिडक्या अशा लखलखायच्या की माझ्या खिडक्यांची मला लाज वाटायची. काय लावता म्हणून वहिनींना दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा त्या हसून म्हणाल्या होत्या, हात लावते.

मी भाडेकरूच्या खिडकीतून वाकून खाली बघितलं. घराच्या सगळ्या काचांवर वर्षाची धूळ होती. फक्त एक खिडकी सोडून.

४

त्या खिडकीकडे जायच्या आधी मला लेक भेटली. पुढच्या खोलीत खोक्यांच्या ढिगात बसून ती चिकटपट्टी ओढत होती. भाऊंचे लहान काचेचे पेले तिने कागदात गुंडाळून खोक्यात भरलेसुद्धा होते.

"उद्या लागतील की ते," मी म्हटलं.

"चहाच्या कपातून घेऊ. काकू, मला माहीत आहे, तुम्हाला मी दुष्ट वाटते. पण त्या चुलीपाशी बसलेले असताना त्यांना काही झालं असतं तर? आई असताना गोष्ट वेगळी होती." तिने पट्टी दातांनी तोडली. "ती बाटली कुणी बदलली असेल तर बरंच केलं. पण मी नाही. मला गाठी मारता येत नाहीत, म्हणून तर ही पट्टी."

"आई कशी होती गं? मला शेजारीण म्हणून माहीत. तुला घरातली."

ती एकदम हसली.

"भोळी. कॉलेजात मी सिगारेट ओढून यायचे. बाबांना दारातच कळायचं, ते नुसते बघायचे. आई मात्र जवळ घेऊन केसांवरून हात फिरवायची आणि म्हणायची, दमलीस का? तिला एकदाही कळलं नाही. मला तेव्हा वाटायचं, हिचा माझ्यावर किती विश्वास आहे."

"आणि बाबा?"

"बाबा तिच्यावर वेडे. दर शनिवारी रोपवाटिकेतून एक फूल आणायचे. आई नाकाशी धरायची, म्हणायची काय सुंदर वास आहे, आणि पेल्यात ठेवायची. एक शनिवार चुकला नाही, काकू. आता चौथ्या मजल्यावर ते कुणासाठी फूल आणणार आहेत, मला सांगा."

तिचे डोळे भरले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण डोकं माझं दुसरीकडेच होतं. जिला सिगारेटचा वास येत नव्हता, ती बाई पेरांची धार गाळत होती. आणि गाळणाऱ्याकडे काय लागतं ते मला माहीत होतं, कारण दारूच्या भट्टीला लागलेल्या तीन आगी मी तपासल्या होत्या. तिथे घड्याळ कामाचं नाही, डोळे कामाचे नाहीत. लागतं फक्त नाक.

५

लखलखीत खिडकी पाहुण्यांच्या खोलीची होती. धाकटी पलंगाच्या कडेला बसून भाऊंच्या सदऱ्याला बटण लावत होती. साठीची, बारीक, शिवणकामावर आयुष्य काढलेली बाई. तिने बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे दिले, चपटी गाठ मारली आणि दोरा दातांनी अगदी जवळून तोडला.

मी कचऱ्याच्या टोपलीतला वर्तमानपत्राचा बोळा उचलून हुंगला. नखांचा रंग उतरवायच्या औषधाचा वास. जळक्या दुकानांत मी तो शंभर वेळा घेतला आहे.

"बसा," धाकटी म्हणाली.

"मी बोलते, चुकलं तर सांगा. पहिल्या धारेचं जे असतं ते अस्सल नव्हे, ते वाईट. प्यायलं की माणूस आजारी पडतो. लाल दोरा मानाचा नव्हता, धोक्याचा होता. म्हणून वरची फळी, म्हणून हिसकावून घेणं. हंगामभर ते खिडक्या पुसायला वापरायचं. भाऊंना यातलं काहीच माहीत नाही. काल तुम्ही आलात, फळीवर दोरा बांधलेली बाटली बघितली, आणि उद्या ती सगळ्यांना पाजणार हे ऐकलं."

"वाटीभर असेल," ती म्हणाली. "अर्ध्याने खिडकी पुसली. टाकवेना. सवय."

"एवढं सरळ सांगता आलं असतं त्यांना. भावोजी, हे पिऊ नका. का नाही सांगितलंत?"

तिने सुई उशीला टोचली.

"कारण ते विचारणार, तुला कसं माहीत. तुम्ही म्हणणार, मी खोपटात असायचे. ते विचारणार, काय करायचीस. वर्षातून आठ दिवस तुम्ही पेरं तोडायला यायचात, असं सगळी गल्ली समजते. तुम्ही नळीखाली नाक धरून बसायचात. कुठे पहिलं संपलं, कुठे चांगलं सुरू झालं, ते तुम्ही सांगायचात. वहिनींना वास येतच नव्हता."

तिने काचेबाहेर बघितलं.

"एकोणीस वर्षं झाली," ती म्हणाली. "मोठा ताप आला होता तिला. ताप उतरला आणि वास गेला तो गेलाच. मला म्हणाली, यांना कळता कामा नये. हा माणूस दर शनिवारी मला फूल आणून देतो, मी काय सांगू त्याला? माझ्याकडून शपथ घेतली. मग आम्ही दार लावून बसायचो. ती आच सांभाळायची, मी हुंगायचे. तिचा हात, माझं नाक. आणि काय हसायचो, बाई. आठ दिवस आम्ही परत लहान व्हायचो. यंदा पेरं पिकली तेव्हा मी रोज फोनकडे बघायचे. भावोजी बोलावतील, म्हणतील ये. त्यांना तरी काय माहीत, कशाला बोलवायचं मला."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. माझ्यासाठी कुणी इतकं काही लपवून ठेवलेलं नाही.

"बाटलीचं सांगावं लागेल," मी म्हटलं. "नाहीतर वहिनी येऊन गेल्या असं धरून ते उरलेलं आयुष्य काढतील. नाकाचं मात्र आपण दोघींत ठेवू."

६

रविवारी दुपारी आम्ही पाच जण मागच्या पडवीत बसलो. चहाचे कप मांडले होते. मी जेवढं ठरवलं होतं तेवढंच सांगितलं: पहिली धार वाईट असते, लाल दोरा धोक्याचा, धाकटीला बहिणीकडून ते माहीत होतं, तिने तुमचा जीव सांभाळला. गाठ पहिल्यापासून तिचीच.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. बाटली हातात फिरवली.

"म्हणजे ती आली नव्हती," ते म्हणाले.

भाडेकरू स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्या क्षणी मला माझ्या हुशारीचा मनापासून राग आला.

"आणि हुंगायचं कोण?" भाऊंनी विचारलं. "पुस्तकात लिहिलं होतं, मला तेव्हा समजलं नाही. चांगलं कुठे सुरू होतं ते नाकाने ठरवायचं. ते कोण ठरवायचं?"

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी कपाकडे बघितलं.

"ताई, लपवू नका. हिला वास येत नव्हता, हे मला एकोणीस वर्षं माहीत आहे."

लेकीच्या हातातला कप बशीवर वाजला.

"तापातून उठल्यावरची गोष्ट," भाऊ म्हणाले. "मी बाहेरून आलो तर घरभर करपलेल्या दुधाचा वास, आणि ही शेगडीशेजारी उभी राहून गाणं गुणगुणतेय. मी गॅस बंद केला. म्हटलं, बघू. पुढच्या शनिवारी गुलाबाऐवजी डेलिया आणला. हिने नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, आज तर फारच सुंदर वास आहे." त्यांनी परसाकडे हात केला. "डेलियाला वास नसतो."

"बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?" लेकीने विचारलं.

"ती इतकी मेहनत घेत होती लपवायला. मी कसं वाया घालवू? पण वासाचं फूल तिच्या हातात द्यायचं आणि तिला खोटं बोलायला लावायचं, ते मला जमेना. म्हणून सगळे गुलाब काढले, डेलिया लावले. डेलियापुढे आम्ही दोघं सारखे होतो. मलाही वास येत नव्हता."

धाकटी तोंडाला पदर लावून रडत होती. एकोणीस वर्षं शपथ पाळली, आणि ज्याच्यापासून लपवलं त्याला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

भाऊंनी तिला रडू दिलं. मग लहान बाटलीचा दोरा सोडला, बूच काढलं आणि बाटली तिच्यापुढे धरली.

"तू सांग. तिच्यासारखी झालीय का?"

तिने डोळे पुसले. बाटली नाकाशी धरली, लांब केली, पुन्हा धरली. ज्या खोपटाच्या दाराआड मला कधी बघायला मिळालं नाही, तिथे ती अशीच बसत असणार.

"आच मोठी ठेवलीत, भावोजी," ती म्हणाली. "शेवटी जराशी करपलीय. ताई असती तर ओरडली असती तुम्हाला."

"पण?"

"पण तिचीच आहे."

भाऊ हसले. वर्षभरात मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. "पुढच्या वर्षी आच लहान ठेवू," ते म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पुढच्या वर्षी आपण इथे नसणार.

लेक उठून पुढच्या खोलीत गेली. आतून चिकटपट्टी ओढल्याचा लांब आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पाच लहान काचेचे पेले होते. तिने कप बाजूला सारले, पेले मांडले आणि मावशीला म्हणाली, "तू ओत. तुला कुठे थांबायचं ते कळतं."

मी निघताना धाकटीने माझ्या हातात उरलेल्या पहिल्या धारेची बाटली ठेवली. लाल दोरा, चपटी गाठ. संध्याकाळी मी माझी समोरची खिडकी पुसली. वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यातून भाऊंच्या घराच्या बाजूने थेट परसापर्यंत सगळं स्पष्ट दिसलं: पेराचं झाड, त्याखाली पडलेली फळं वेचणारी धाकटी, आणि कात्री घेऊन डेलियाच्या ताटव्यात उभे असलेले भाऊ. त्यांनी एक फूल कापलं आणि नाकाशी धरलं.